उभं राहून दिलेली कारणं

सेंट ओडिलिया, कॅन्सस
१२ सप्टेंबर १९८२

बर्नाडीन पोरी,

पत्र माझं, अक्षर क्लेटसचं. अक्षर आवडलं तर त्याचं कौतुक कर, मजकूर आवडला तर माझं. तुझे लायकर सर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की सरळ माझ्या स्वयंपाकघरात येतात, कोंबडीच्या रश्शातल्या शेवया ओरपतात, मग हात पुसून कागद काढतात. हा ‘ओरपतात’ लिहायला तयार नव्हता. मी म्हटलं, क्लेटस, तू शाळेत शेतकी मास्तर असशील, पण तुझं नाक वाहत होतं तेव्हापासून मी तुला शेवया वाढतेय. लिही. (लिहिलं. – क्लेटस लायकर)

टेलिफोन का नाही, असं जाताना विचारलंस. अगं, टेलिफोनवर बोलणं म्हणजे गावजेवणात बोलणं. अख्ख्या रस्त्याला मिळून एक तार. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत शेजारच्या फिलोमिनाचा श्वास ऐकू येतो. परवा मीच मध्ये विचारलं, ‘फिलोमिना, दमा कसा आहे?’ तर म्हणते, ‘बरा आहे, मावशी,’ आणि मग दाणकन फोन ठेवला. तेव्हा पत्रच बरं. पत्र फक्त क्लेटस ऐकतो.

आता नीट सांग. तुझ्या शिक्षणाचं नाव म्हणे शेतकी शिक्षण आणि शेतकी संवाद. शिक्षण समजलं. पण संवाद? गाईशी बोलायला शिकवतात की गाईबद्दल? दोन्ही मी घरी शिकवलं असतं.

क्लेटस यंदाच निवृत्त व्हायचा, तुझ्यासाठी वर्षभर थांबलाय. मे महिन्यात तू पदवी घेऊन आलीस की शेतकीचा वर्ग तुझ्या हाती. तू नाहीस तर वर्गाला कुलूप आणि पोरांची शेतकी संघाची निळी जाकिटं ट्रंकेत, असं शाळेच्या मंडळाने सांगून टाकलंय. तुला कुणी विचारलं नाही म्हणून रागावू नकोस. विचारायचं काय त्यात? सूर्याला कुणी विचारतं का, उद्या येणार ना म्हणून?

जेवत जा. देव तुझ्या पाठीशी असो, आणि तो कामात असेल तर मी आहेच.

तुझी आजी


३ ऑक्टोबर १९८२

प्रिय आजी (आणि वाचून दाखवणाऱ्या लायकर सरांना नमस्कार),

गाईबद्दल बोलायला शिकवतात, आजी. गाईशी बोलणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांना माणसांशी बोलता येत नाही, म्हणून हा विषय काढला असावा.

सकाळी शिकवण्याचा तास असतो. एकाने मास्तर व्हायचं, बाकीच्यांनी पंधरा वर्षांची कार्टी. काल मी गव्हावरचा तांबेरा शिकवत होते आणि मागच्या बाकावरचा एक मोठा दाढीवाला ‘बाई, मला लघवीला जायचंय’ म्हणून ओरडत होता. प्राध्यापकांनी मला उत्तम म्हटलं.

जनावरं पारखण्याच्या संघातही घेतलंय. मुलगी मी एकटीच. तुला आठवतं, मी अंगणात कोंबड्यांपुढे हात पाठीमागे बांधून बडबडायचे आणि तू विचारायचीस, ही पोरगी कोंबड्यांना कशाला पटवतेय? तेच हे. रिंगणात चार जनावरं आणतात. बघायचं, त्यांचा पहिला-दुसरा क्रम लावायचा, मग परीक्षकासमोर उभं राहून कारणं द्यायची. कागद चालत नाही. आणि जिला खाली टाकलं तिच्यात जे चांगलं आहे ते आधी कबूल करायचं: ‘कबूल करते की दुसरीची पाठ लांब आहे, तरीही…’ कबुली नसेल तर गुण जातात. बोलणाऱ्याचं संपेपर्यंत परीक्षकाने तोंड उघडायचं नाही. सरांनी शाळेत घोटून घेतलं होतं म्हणून इथे तरले.

आणि एक गोष्ट. दुपारी बारा वाजता विद्यापीठाच्या रेडिओवर मी बाजारभाव वाचते. काचेची छोटी खोली आहे. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. लाल दिवा लागतो आणि मी गव्हाचे, डुकरांचे, सोयाबीनचे भाव सांगते. समोर कुणी नसतं, पण ऐकताहेत हे कळतं. मागच्या आठवड्यात भाव सांगून झाल्यावर मिनिटभर वेळ उरला, तर मी गारपिटीबद्दल माझ्याच मनाने बोलले. एका शेतकऱ्याने कार्ड पाठवलं: ‘त्या पोरीला रोज मिनिटभर जास्त द्या.’ ते कार्ड मी आरशाला खोचून ठेवलंय. खोलीतून बाहेर पडताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते, आजी.

शेवयांची आठवण येते.

तुझी बर्नाडीन


२४ ऑक्टोबर १९८२

बर्नाडीन,

हा खेळ मला फार आवडला. कागद नको, अक्षर नको, नुसतं बघायचं आणि बोलायचं. हे तर मी जन्मभर मिस्सेत करत आलेय, फक्त मला कुणी गुण दिले नाहीत.

तर लगेच क्लेटसपुढे दिली कारणं. रिंगणात आपल्या गावचे दोन विधुर, पहिल्या बाकावर बसणारे. मी ओटोला जोसेफच्या वर ठेवते. कबूल करते की जोसेफचे दात स्वतःचे आहेत आणि ट्रॅक्टर नवा आहे. तरीही ओटो प्रवचनात झोपला तर घोरत नाही, आणि बायको मेल्यावर त्याने तिच्या बागेला पाणी घालणं थांबवलं नाही. म्हणून मी हा क्रम लावते.

क्लेटस पोट धरून हसला आणि बरेच गुण कापले. का, तर मी बसून दिली. कारणं उभं राहून द्यायची म्हणे. मी म्हटलं, बर्फावर पडल्यापासून या खुर्चीतून मला उठवायला दोन माणसं लागतात. तू एक, दुसरा आण, मग देते. (नियम नियम आहे. – क्लेटस लायकर)

क्लेटस तुझ्या रेडिओवर खूश आहे. ‘बघा मावशी, पोरगी वर्गात रेडिओ आणणार, पोरांकडून बाजारभाव वाचून घेणार!’ त्याने शाळेतलं मोठं कपाट रिकामं करायला घेतलंय. तीस वर्षांची तारेची भेंडोळी बाहेर पडली. वरच्या खणावर तुझं नाव चिकटवलं.

मला तुझं पत्र पुन्हा वाचून दाखव म्हटलं. त्याने दाखवलं. शिकवण्याबद्दल बोलताना तू दाढीवाल्याची गंमत सांगतेस. काचेच्या खोलीबद्दल बोलताना गंमत सांगायला विसरतेस. मी म्हातारी आहे, मला आपलं ऐकू आलं ते सांगितलं.

आजी


१४ नोव्हेंबर १९८२

प्रिय आजी, आदरणीय लायकर सर,

अभ्यास फार आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. खणावर नाव लावल्याबद्दल आभारी आहे, सर. वर्ग सगळे नीट चालले आहेत. नाताळला येते. हवा थंड आहे.

बर्नाडीन


१६ जानेवारी १९८३

बर्नाडीन पोरी,

नोव्हेंबरात तू मला हवामान कळवलंस. हवा मलाही खिडकीतून दिसते.

नाताळला आलीस, गेलीस, आणि मला वाटतं आपण दोघी एक शब्द बोललो नाही. घरात माणसं, चर्चमध्ये माणसं, आणि एकदा तू मागच्या दारी कोंबड्यांच्या खुराड्याशी ‘आजी, ऐक ना’ म्हणालीस, तर अंडी मागायला फिलोमिना हजर. त्या बाईला तार नसली तरी ऐकू येतं.

मग ते चर्चच्या हॉलमधलं जेवण. बायकांनी कोबी-खिम्याचे पाव पहाटेपासून भाजले. निळ्या जाकिटातली पोरं रांगेत उभी राहिली. क्लेटसने भाषण केलं, मध्ये अडखळला, आणि शाळेच्या शेतकी खोलीची किल्ली तुझ्या हातात दिली. सगळे उठून टाळ्या वाजवत होते. मी उठू शकत नाही म्हणून बसून तुझ्याकडे बघत होते. पोरी, तू ती किल्ली अशी धरली होतीस जशी लहानपणी विहिरीतला बेडूक धरायचीस. टाकून देता येत नाही आणि मुठीत आवळताही येत नाही.

क्लेटस म्हणतो, तुला गहिवरून आलं होतं. (आलं होतं. मी जवळ होतो. – क्लेटस लायकर) असेल. तो जवळ होता, मी लांब. कधी कधी लांबून बरं दिसतं.

काय झालंय?

आजी


३० जानेवारी १९८३

प्रिय आजी,

हे पत्र मी फादर एमेराम यांच्या नावाने पाठवते आहे. तेच वाचून दाखवतील. यातलं काही लायकर सरांना सांगू नकोस.

सध्या मी एका दुसऱ्या गावच्या शाळेत शिकवण्याची उमेदवारी करते आहे. पदवीआधी सगळ्यांना करावी लागते. सकाळी वेल्डिंग, दुपारी पशुपालन. मी चांगलं शिकवते, आजी. हीच अडचण आहे. वाईट शिकवत असते तर कुणीतरी मला हाकललं असतं. मुलं ऐकतात, मुख्याध्यापक पाठ थोपटतात, आणि मी घड्याळाकडे बघते. बारा वाजले की कुणीतरी दुसरं काचेच्या खोलीत भाव वाचत असतं.

नेब्रास्कातल्या एका मोठ्या रेडिओ केंद्राने मला शेतीच्या कार्यक्रमासाठी बोलावलंय. रोज पहाटे आणि दुपारी बोलायचं. त्यांना मार्चअखेर उत्तर हवंय. आपल्या शाळेचा करारही आलाय, त्यालाही तेवढीच मुदत. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी आहेत.

पिल्लं घालायच्या पिंजऱ्यातली डुकरीण तू पाहिली आहेस. चारा पुढ्यात, पाणी पुढ्यात, वरून उबेचा दिवा. पिल्लं चिरडू नयेत म्हणून तिला फक्त वळता येत नाही, एवढंच. वाईट हेतू कुणाचाच नसतो. रोज कुणीतरी येऊन तिची पाठ खाजवतो. माझं तसं झालंय. सगळे इतके चांगले आहेत की मला हलायला जागा नाही. सर वाईट असते तर मी एका ओळीत नाही कळवलं असतं.

खुराड्याशी सांगणार होते. किल्ली खिशात होती, तोंड उघडलं नाही.

तू फादरांकडून उत्तर लिहून पाठव. काय करू?

बर्नाडीन


१३ फेब्रुवारी १९८३

बर्नाडीन,

फादर एमेराम आले, खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि ‘लायकर सरांना सांगू नकोस’ इथपर्यंत वाचलं. मी म्हटलं, फादर, घडी घाला. पत्र चुलीत टाकायला लावलं. फादर हळहळले. कबुलीजबाब ऐकून ऐकून त्या माणसाला पुढचं ऐकायची सवय लागलीय.

तर त्यात काय होतं ते मला माहीत नाही.

आता क्लेटसचं पेन थांबलंय. ‘कसलं पत्र?’ म्हणून विचारतोय. त्याचे कान लाल झालेत. लिही रे, लिही, हेही लिही.

पोरी, मला अक्षर येत नाही. मला आलेलं प्रत्येक पत्र आधी दुसऱ्याच्या तोंडातून गेलंय. तुझे आजोबा कोलोरॅडोत बीट उपटायला गेले होते तेव्हाची त्यांची पत्रंसुद्धा शेजारणीने वाचली. जिथे ती लाजून खोकायची तिथलं मी आपलं समजून घ्यायची. अशा बाईला एकच गोष्ट सांभाळता येते: जो वाचून दाखवतो त्याच्या पाठीमागे काही ऐकायचं नाही. आज मी क्लेटसच्या पाठीमागे तुझं ऐकलं, तर उद्या तुझ्या पाठीमागे कुणाचं ऐकत नाही हे तुला कसं कळणार?

म्हणून तेच पुन्हा लिही. क्लेटसच्या तोंडून मला ऐकव. त्याचा आवाज चिरकला तर चिरकू दे. त्याचा आवाज तसाही बैलाला पळवून लावण्यासारखा आहे. (मी वाचेन, बर्नाडीन. जे असेल ते. – क्ले. ला.)

आजी


१३ मार्च १९८३

प्रिय आजी, लायकर सर,

सर, हे तुम्ही मोठ्याने वाचता आहात. मध्ये थांबू नका, आजी चिडते.

महिनाभर हे पत्र मी लिहून फाडते आहे. संवाद शिकायला आले आणि दोन माणसांना एक वाक्य सांगता येत नाही. वाक्य असं: मला शाळेत शिकवायचं नाही.

मला नेब्रास्कातल्या रेडिओवर बोलावलंय आणि मला तिथे जायचंय. कपाटावर माझं नाव लागलं त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. हॉलमध्ये गहिवर आला नव्हता, सर. मी घाबरले होते.

पण हे फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं. बदल काही नाही. नाही म्हणायला गेले की मला ती जाकिटातली पोरं दिसतात, पाव भाजणाऱ्या बायका दिसतात, आणि तुम्ही, भाषणात अडखळलेले. मला दार कुठे आहे तेच दिसत नाही. शाळेच्या करारावर मी सही केली आहे. रेडिओवाल्यांना नकार लिहून ठेवला आहे. मार्चच्या शेवटी, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात दोन्ही पाकिटं पेटीत टाकेन. मे महिन्यात घरी येते आणि चांगलं शिकवते. ते मला येतं.

फक्त खोटं हसत यायचं नव्हतं.

बर्नाडीन


२० मार्च १९८३

बर्नाडीन,

क्लेटसने तुझं पत्र एका दमात वाचलं. मग चष्मा पुसला. शेवयांच्या वाफेने धुरकटला, म्हणाला. शेवया गार होत्या.

मग त्याने सुरुवात केली, ‘मावशी, पोरगी दमलीय. एकदा वर्गात रुळली की—’

मी म्हटलं, क्लेटस, मी कारणं देतेय.

तो म्हणाला, ‘आत्ता? कशाची?’

म्हटलं, बोलणाऱ्याचं संपेपर्यंत परीक्षकाने तोंड उघडायचं नाही, हे पोरांना कुणी शिकवलं?

‘मी,’ म्हणाला.

मग मीट तोंड आणि लिही. तर तो लिहितोय. ऐक.

रिंगणात दोनच आहेत. मी रेडिओला शाळेच्या वर ठेवते.

कबूल करते की शाळा आपल्या घरची आहे, अंगणापासून हाकेच्या अंतरावर. कबूल करते की ती वर ठेवली तर दर रविवारी या टेबलावर तिसरं ताट लागेल, आणि शेवया कमी पडतील याचा मला आनंद होईल. कबूल करते की तू आली नाहीस तर त्या खोलीला खरंच कुलूप लागेल आणि पोरं बसमध्ये बसून दुसऱ्या गावच्या शाळेत जातील. हे खोटं नाही आणि हलकंही नाही. कबूल करते की हा समोर बसलेला माणूस वर्षभर थांबला, आणि याच्याहून भला माणूस या गावाने पाहिलेला नाही, त्याला हे मी तोंडावर कधी सांगितलं नसलं तरी. कबूल करते की मला बोलावणं येईल तेव्हा शाळेतली बर्नाडीन दाराशी असेल आणि रेडिओवाली नसेल. हे मी सगळ्यात शेवटी कबूल करते, कारण मला ते सगळ्यात जड आहे.

एवढं सगळं कबूल करूनही मी शाळेला खालीच ठेवते. कारण चाल. उभी असताना सगळीच जनावरं चांगली दिसतात, क्रम लागतो तो चालताना. किल्ली घेऊन ही पोरगी हॉलमध्ये आपल्या खुर्चीकडे गेली ती लंगडत गेली. पाय धड असून लंगडत गेली. आणि काचेच्या खोलीबद्दल लिहिते तेव्हा क्लेटसच्या तोंडातसुद्धा तिची वाक्यं पळतात. जे जनावर एका रिंगणात पळतं आणि दुसऱ्यात लंगडतं, त्याचा पाय बघू नये, रिंगण बघावं.

म्हणून मी हा क्रम लावते.

आता तुला. पारखणारा क्रम लावतो, जनावर घरी न्यायचं की नाही ते मालक ठरवतो. दोन्ही पाकिटं तुझ्याजवळ आहेत. मी कुठलंच फाडू शकत नाही. फाडता आलं तरी कुठलं फाडतेय ते मला वाचता येणार नाही.

आणि एक. ते नेब्रास्कावालं केंद्र माझ्या खिडकीतल्या रेडिओला लागतं. रविवारी पोल्काची नाचगाणी लावतात, मध्ये खरखर येते, पण लागतं. तू तिथे बोललीस तर तुझं बोलणं कुणाच्याही तोंडातून न जाता माझ्या कानात पडेल. आणि फिलोमिनाला चोरून ऐकावं लागणार नाही. बिचारीचा दमा कमी होईल.

तुझी आजी

ता. क. बर्नाडीन, हे मी माझ्या मनाने लिहितो आहे. वरचं सगळं शब्दशः त्यांचं. एक गोष्ट त्यांनी लिहायला सांगितली नाही: कारणं त्यांनी उभं राहून दिली. मी उठवायला गेलो तर ‘परीक्षक जागचा हलत नाही’ म्हणाल्या. संपेपर्यंत उभ्या होत्या. एक हात टेबलाच्या कडेवर होता आणि नियमाने दोन्ही हात पाठीमागे बांधलेले लागतात, म्हणून पन्नासपैकी दोन गुण कापले. क्रमावर माझा आक्षेप नाही. मंडळाला काय सांगायचं ते मी बघतो.

किल्ली टपालाने पाठव. जाड पाकीट घे, पातळ वाटेत फाटतं.

क्लेटस लायकर